आयसीयूत बाबांना ताशी २० मिली : उपाशी ठेवलं की हिशेबानं दिलं?

मानकुराद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचनमात्र असतो. आज लिहितोय, कारण एक आकडा डोक्यातून जात नाही.

जुलैत बाबांना ताप आला. पावसाळी ताप म्हणून तीन दिवस घरीच काढले. चौथ्या रात्री धाप लागली, १०८ बोलावली, गोव्यातल्या आमच्या फोंड्याहून इस्पितळात नेलं. तपासणीत एच१एन१ फ्लू निघाला. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया झाला होता आणि पहाटे व्हेंटिलेटर लावावा लागला. वय ६६, वजन ६२ किलो, मधुमेह बारा वर्षांचा. एकूण १९ दिवस अतिदक्षता विभागात होते. देवाच्या दयेनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत पलंगाशेजारच्या पंपावर आकडा दिसला : २०. नाकातल्या नळीतून ताशी २० मिली. पावडरीच्या डब्यावर लिहिलं होतं, तयार द्रवाच्या एका मिलीत एक कॅलरी. मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस, तिथंच गुणाकार केला. दिवसाला ४८० कॅलरी. एवढ्यात आमच्या घरचं मांजरही राहणार नाही.

घरी आजीचं पालुपद सुरू : "पोटांत कितेंच ना, मागीर बरो कसो जातलो?" (पोटात काहीच नाही, मग बरा कसा होणार?) आईनं थर्मासात उकड्या तांदळाची पेज भरून आणली, ती दाराशीच अडवली. मी आत जाऊन डॉक्टरांशी वाद घातला. उत्तर मिळालं, "प्रोटोकॉल आहे." एवढंच. इस्पितळाचं नाव घेत नाही. त्यांनी बाबांना वाचवलं. पण त्या दोन शब्दांवर मी एकोणीस दिवस काढले.

घरी आणून वजन केलं तर ५७. मांड्या पाहवत नव्हत्या. म्हणून सरळ विचारतो, माझ्या बापाला उपाशी ठेवलं का?

---

रात्रपाळी

मानकुराद, मी चौदा वर्षं आयसीयूत परिचारिका आहे. गोव्यातच, कुठं ते सोडा. आधी एक सांग. पहिल्या दिवसांत बाबांच्या दुसऱ्या पंपावर दुधासारखं पांढरं औषध असलेली मोठी सिरिंज होती का?

---

मानकुराद

हो, होती. मला ते दूधच वाटलं होतं. त्यावर १० लिहिलेलं असायचं.

---

रात्रपाळी

ते प्रोपोफॉल, झोपेचं औषध. ते तेलाच्या पायसात (दुधाळ मिश्रणात) विरघळवलेलं असतं, म्हणून पांढरं. मिलीला १.१ कॅलरी. ताशी १० मिली म्हणजे दिवसाला २४०, त्याच्या झाल्या २६४ कॅलरी. तुझे ४८० धरून ७४४. हिशेबनिसाच्या वहीत ही जमा राहून गेली होती. :)

आम्ही चार्टवर ही बेरीज करतोच. नाही केली तर उलटी चूक होते. नळीतून पूर्ण देतो, वर औषधातून तेल जातं, आणि आठवड्यानं रक्तातली चरबी वाढलेली सापडते.

---

भाटकार

७४४ म्हणजे तरी कितीसे? धडधाकट म्हातारा माणूस दीड हजार खातो. इथं तर माणूस मरणाशी झुंजतोय, त्याला जास्त लागणार की कमी? बिल लाखांचं आणि ताट अर्धं. बाकी रात्रपाळीताईंबद्दल आदर आहेच.

---

फुफ्फुसराव

भाटकारांचा प्रश्न रास्त आहे, आणि धागाकर्त्याला जे उत्तर मिळालं ते उत्तरच नव्हतं, हे एक डॉक्टर म्हणून मान्य करतो. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

विषाणूला स्वतःचा चयापचय नसतो. तो पेशीत शिरून तिथलीच साखर, तिथलेच सुटे भाग वापरून स्वतःच्या प्रती काढतो. पण खरा खर्च त्याचा नाही, आपल्या प्रतिकाराचा आहे. ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की शरीराचा खर्च सुमारे १० ते १३ टक्के वाढतो. श्वासाचे स्नायू एरवी एकूण प्राणवायूतला शेकडा दोनचार वाटा घेतात, धाप लागली की तोच वाटा वीसच्या पुढं जातो. त्या चौथ्या रात्री बाबा पलंगावर बसल्या बसल्या डोंगर चढत होते म्हणा.

मग व्हेंटिलेटर लागतो. श्वासाचं काम यंत्र करतं, औषधानं झोप लागते, ताप उतरवला जातो, कधी स्नायू सैल करणारं औषधही देतात. खर्च खाली येतो. म्हणजे "गंभीर आजारी, म्हणून जास्त लागणार" हे पहिल्या दिवसांत सरसकट खरं नसतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. तुम्ही आम्ही एक दिवस उपास केला आणि संध्याकाळी जेवलो, की यकृत स्वतःची साखर करणं थांबवतं. गंभीर आजारात ते थांबत नाही. कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन आणि सायटोकाइन नावाचे निरोपे मिळून यकृताला सांगत राहतात : साखर कर, स्नायू मोडून कर, पण कर. बाहेरून कितीही ओता, घरातली भट्टी चालूच. पहिल्या दिवसांत ही आतली आवक दिवसाला ५०० ते १४०० कॅलरींपर्यंत असू शकते, असं युरोपियन पोषण संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात नमूद आहे. ती कोणत्याही पंपावर दिसत नाही. पेशंटच्या शेजारी उभं राहून मोजताही येत नाही.

आता बाबांच्या ६२ किलोला २५ नं गुणा (दिवसाला किलोमागं २५ कॅलरी हा ठोकताळा), अंदाजे १५५० आले. बाहेरून पूर्ण १५५० दिले आणि आतून ८०० आले, तर उपासमार नाही, अतिभोजन झालं. त्यानं साखर चढते, यकृतात चरबी साठते आणि कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. तो बाहेर टाकायचं काम कुणाचं? त्याच आजारी फुफ्फुसांचं.

म्हणून त्या मार्गदर्शनात पहिले तीन दिवस खर्चाच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नका, नंतर हळूहळू ८० ते १०० टक्क्यांवर न्या, असं आहे. १५५० चे ७० टक्के म्हणजे १०८५. सुरुवातीला ७४४ हे त्या मर्यादेच्या आत बसतं.

---

भाटकार

मर्यादेच्या आत बसतं म्हणजे बरोबर ठरतं असं नाही. कुणी खरंच कमी-जास्त देऊन पाहिलंय का?

---

फुफ्फुसराव

पाहिलंय, आणि भरपूर पाहिलंय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ३९५७ रुग्णांना दोन प्रकारचे द्रव दिले, एकात मिलीला १ कॅलरी, दुसऱ्यात दीड. २०१८ साली निकाल आला : ९० दिवसांनी मृत्यूंत फरक नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधला निकाल आला. ३०४४ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर आणि रक्तदाब टिकवायच्या औषधांवर. पहिला आठवडा एका गटाला किलोमागं २५ कॅलरी, दुसऱ्याला फक्त ६. मृत्यू सारखेच. कमी खाल्लेला गट आयसीयूतून थोडा लवकर बाहेर पडण्याजोगा झाला, उलट्या आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं हेही त्यांच्यात कमी.

६२ किलोला ६ नं गुणा. ३७२. तुमच्या पंपावर त्याहून जास्त होतं.

---

मानकुराद

हे कुणी तेव्हा दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर.

---

सुंगटाचे हुमण

आमची पणजी म्हणायची, तापात लंघन करा, ताप उतरला की पेज. म्हणजे पणजीनं फ्रान्सच्या आधी शोध लावला. भाटकार, मिठाई वाटा.

---

फुफ्फुसराव

हुमणबाब, थांबा जरा. येल विद्यापीठात २०१६ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांना जबरीनं खाऊ घातलं तर ते मेले. पण फ्लूचा विषाणू दिलेल्या उंदरांत उलटं झालं. ज्यांना खाऊ घातलं ते जास्त जगले, आणि ज्यांची साखर वापरायची वाट औषधानं अडवली ते मेले. तीच साखर, दोन संसर्ग, दोन निकाल. उंदरांचं आहे, माणसाच्या नळीचा दर त्यावरून ठरवत नाही. पण सगळ्या तापांना एकच पणजी लावू नये, एवढं म्हणतो.

---

सुंगटाचे हुमण

पणजीचा अपमान सहन केला जाणार नाही. (वाचनखूण साठवली आहे.)

---

भाटकार

आणखी एक शंका. नळीतून कमी देतात तर सलाईन का चढवत नाहीत? आमच्या गावच्या दवाखान्यात अशक्तपणाला दोन बाटल्या लावल्या की माणूस चालत घरी जातो.

---

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ, इस्पितळातच काम करते. हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो.

साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी. कॅलरी शून्य. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची जी बाटली असते, पाच टक्क्यांची, त्यात २५ ग्रॅम साखर. म्हणजे ८५ कॅलरी. एक केळं खाल्लं तर जास्त मिळतात, आणि केळ्याला सुई लागत नाही. बाटलीनंतर माणूस चालत जातो कारण त्याच्या अंगात पाणी कमी होतं, ते भरलं. डेंग्यूत त्या पाण्याचं मोल फार आहे, रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं त्या दिवसांत तर जिवाएवढं. पण ते जेवण नव्हे.

आणि आईच्या थर्मासबद्दल. राग मानू नका. ५० ग्रॅम तांदूळ एक लिटर पाण्यात शिजवले की एक लिटर पेज, आणि त्यात जेमतेम १७५ कॅलरी. चार ग्रॅमही प्रथिनं नाहीत. बारीक नळीत शीत अडकलं तर नळी बदलावी लागते, आणि नवी नळी घालणं बेशुद्ध माणसाला सोपं नसतं. शिवाय थर्मासात कोमट राहिलेली पेज ही जंतूंना आवडती जागा. म्हणून दाराशी अडवली. मात्र अडवणाऱ्यानं हे आईंना सांगायला हवं होतं. माझ्या अनुभवात आया तर्कानं समजतात, नियमानं नाही.

---

मानकुराद

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चार ग्रॅम? मग मी इतकी वर्षं काय घालत होते?" आता दोन दिवस आमच्याकडे पेज बंद राहणार.

---

काजूबोंडू

मी वाळपईचा. आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप माहीत आहे. काजूचा मोसम आला, बागायतीत बोंडू वेचायला गेलं की गोचीड चावते आणि ताप. आमच्या काकांना झाला तेव्हा पहिला आठवडा ताप, मग बरे वाटले, मग पुन्हा ताप आणि भ्रम. त्यात दोन आठवडे धड खाणं नव्हतं. शुद्धीवर आले तशी काकीनं हौसेनं भात, मटण, गोड सगळं एका दिवसात दिलं. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, छातीत धडधड, पुन्हा दवाखान्यात. तिथं सांगितलं, रक्तात फॉस्फेट उतरलं. खाल्ल्यानं माणूस आजारी पडतो हे आम्हाला तेव्हा कळलं. असं का होतं?

---

ताटवाटी

बरं झालं लिहिलंत, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. बरेच दिवस पोट रिकामं असेल तर शरीर चरबीवर चालायला लागतं. एकदम भात-साखर आली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून घेतं. रक्तात ते उरत नाही. हृदय आणि श्वासाचे स्नायू लटपटतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सुटका झालेल्या कैद्यांत हे दिसलं होतं, जेवण मिळाल्यावर दगावलेले लोक. म्हणून आठवडाभर न खाल्लेल्याला आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व), मग थोडं थोडं, आणि रोज रक्त तपासून. ताशी २० मिलीचं हेही एक कारण असतं. बाबांनी घरीच तीन-चार दिवस नीट खाल्लं नव्हतं ना?

---

मानकुराद

दोन घोट कोरा चहा आणि एक पोई (आमच्याकडचा पाव), तीही अर्धी.

दुसरं विचारायचं होतं. ६२ गुणिले २५ हा ठोकताळा झाला. खरा खर्च कुणी मोजतं का? मीटर नसतो का?

---

फुफ्फुसराव

असतो, पण महाग, आणि थोड्याच ठिकाणी. तत्त्व चुलीचं आहे. किती हवा आत गेली आणि किती धूर बाहेर आला यावरून किती लाकूड जळलं ते काढायचं. आत गेलेला प्राणवायू आणि बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड मिनिटाला किती मिली, ते मोजतात. सूत्र ग्लासगोच्या विअर यांचं, १९४९ चं. प्राणवायू २५० आणि कार्बन डायऑक्साइड २०० मिली धरा. २५० ला ३.९४, २०० ला १.११ नं गुणा, बेरीज १.४४ नं गुणा. १७३८ च्या आसपास येईल, दिवसाच्या कॅलरी. हिशेबनीस पडताळून पाहतीलच.

अडचण अशी की फार आजारी रुग्णाला ६०-७० टक्क्यांहून जास्त प्राणवायू लागत असेल तर मोजणी बिघडते. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच मोजता येत नाही. मग व्हेंटिलेटरवरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा घेऊन अंदाज काढतात, तोही नसेल तर किलोमागं २०-२५. अजून काही ठिकाणी १९१९ सालचं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र चालतं. ते धडधाकट लोकांवर बेतलेलं. आयसीयूत ते दोन्ही बाजूंना चुकतं.

---

मानकुराद

१७३८.०८. पडताळलं.

---

रात्रपाळी

मला राहून राहून सांगायचंय ते वेगळंच आहे. इथं सगळे पहिल्या आठवड्यावर भांडताय. खरी गडबड नंतर होते.

कोविडच्या दिवसांत आम्ही पीपीई घालून पेशंटला पालथं करायचो, सोळा-सोळा तास. पालथ्या माणसाला नळीनं देता येतं, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवायची. पण भीतीपोटी कितीदा बंद ठेवलं जायचं. स्कॅनला न्यायचंय, बंद. नळी काढायचा प्रयत्न, बंद. पोटात जरा उरलंय, बंद. कागदावर १५०० लिहिलेले, पोटात ९०० गेलेले. पहिल्या आठवड्यात हे खपून जातं, फुफ्फुसराव म्हणतात तसं. तिसऱ्या आठवड्यात नाही. तेव्हा माणूस जागा होतो, स्वतः श्वास घ्यायला लागतो, फिजिओथेरपी सुरू होते, आणि पंप आठवड्यापूर्वीच्याच आकड्यावर. कुणाचं लक्षच नसतं, कारण "आता बरे आहेत."

---

फुफ्फुसराव

पूर्ण सहमत, आणि याला मोजणीचाही आधार आहे. ड्यूक विद्यापीठातल्या गटानं २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचा खर्च मोजला. पहिल्या आठवड्यात तो सूत्राच्या जवळपास होता, तिसऱ्या आठवड्यात दीडपटीच्या घरात. रुग्ण थोडे होते, सगळ्यांतच असं झालं नाही, म्हणून प्रत्येकाला दीडपट द्या असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशीचा आकडा विसाव्या दिवशी चालत नाही, एवढं त्यातून पक्कं निघतं.

आणि मांड्यांचं. २०१३ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला. दहा दिवसांत त्याचा छेद १७.७ टक्क्यांनी घटला. लघवीतून दिवसाला १५ ग्रॅम नायट्रोजन जातो म्हणजे सुमारे ९४ ग्रॅम प्रथिनं, ओल्या स्नायूच्या हिशेबात जवळजवळ अर्धा किलो. हे बाहेरून ओतून पूर्ण थांबत नाही. २०२३ मध्येच भरपूर प्रथिनं देऊन पाहिलं, किलोमागं २.२ ग्रॅम आणि वर. फायदा दिसला नाही, मूत्रपिंड बिघडलेल्यांत उलट नुकसान दिसलं. सुमारे १.३ ग्रॅमपर्यंत हळूहळू जायचं असं धरतात.

---

भाटकार

ठीक, पटलं. बऱ्याच अंशी. मधुमेह्यांचं मात्र राहिलं. आमच्याकडे घरटी एक.

---

ताटवाटी

घरटी एक ही अतिशयोक्ती फारशी नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. अतिदक्षतेत मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते, वर सांगितलेल्या भट्टीमुळे. ज्यांना आहे त्यांची तर आणखी चढते. म्हणून पंप हळू चालवतात आणि इन्सुलिन वेगळं. साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. त्याहून खाली रेटायचा हट्ट केला तर मृत्यू वाढतात हे २००९ मध्ये सहा हजारांवर रुग्णांत दिसलं आहे. नातेवाईक "१७० आहे, इन्सुलिन वाढवा" म्हणून मागं लागतात, त्यांना हे सांगावं लागतं.

मानकुराद, आता बाबा काय खातात?

---

मानकुराद

सकाळी तिसाण (नाचणीची पेज), दुपारी मूठभर भात नि सोलकढी, रात्री पेज (आता बंद). चव लागत नाही म्हणतात. दोन घासांत दमतात.

---

ताटवाटी

मग भूक नाही असं नका धरू, दमतात. जेवणं तीनाची सहा करा, छोटी. सोलकढीनं पोट भरतं आणि मिळत काही नाही, ती शेवटी द्या. ६२ किलोला १.३ नं गुणलं तर ८१ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचं काही नसेल तर एक अंडं ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगडा वीसच्या आसपास. काटे नको असतील तर काटे काढून मुडदुशी द्या, आमच्याकडे आजाऱ्याचा मासा तोच. तिसाणात दूध घाला. गिळताना ठसका लागतो का ते बघा. व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस राहिली की घसा विसरतो. ठसका असेल तर आधी डॉक्टर, मग मासा.

---

मानकुराद (आठ दिवसांनी)

ठसका नाही. अंडी, मुडदुशी, सहा वेळा, सगळं सुरू केलं. तरी आज काट्यावर ५५.६. घरी आले तेव्हा ५७ होते. खाऊन वजन कमी होतंय. आजीनं पुन्हा सुरू केलंय. काय चुकतंय?

---

रात्रपाळी

घरी आले तेव्हा पायांवर सूज होती का?

---

मानकुराद

होती. चपला घालता येत नव्हत्या.

---

रात्रपाळी

मग त्या ५७ मधले दोन-तीन किलो पाणी होतं. आयसीयूतून येताना अंगात पाणी साठलेलं असतं, ते उतरतंय. काटा महिनाभर कपाटावर ठेव. त्याऐवजी हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते दर रविवारी मोज आणि लिहून ठेव. आता जाऊन नडगीवर अंगठा दाबून बघ, खळगा राहतो का.

---

मानकुराद

नाही राहत. खुर्चीवरून दोनदा उठले, तिसऱ्यांदा हात टेकला. वहीत लिहिलं.